मामूंची पेटी आणि इब्ने सफी

मामूंच्या चाळिसाव्यानंतर दुसऱ्या दिवशी मालेगावच्या घरातली पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढली गेली. तिच्यात काय आहे हे आम्हा भाचरांना लहानपणापासून ठाऊक होते. वर एक जुनी चादर, तिच्याखाली डांबराच्या गोळ्या आणि मग इब्ने सफींच्या पुस्तकांचे थरावर थर. पातळ, हातात मावणारी पुस्तके. कागद चहासारखा तांबूस झालेला, कित्येकांची मुखपृष्ठे गेलेली, काही मामूंनी स्वतः सुईदोऱ्याने शिवलेली. मामूंचा धाकटा मुलगा पुण्याहून आला होता. त्याने दोन-चार पुस्तके उलटीपालटी करून पाहिली आणि हळूच विचारले, "रद्दीत द्यायची का?"

मामीजान म्हणाल्या, "पहले मुझे दफन करो, फिर देना."

मग कोणी तो विषय काढला नाही. पण त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. ही पुस्तके आता वाचणार कोण? मामूंची नातवंडे पुण्यात इंग्रजी शाळेत जातात. आम्ही भाचरे नगर जिल्ह्यात वाढलो, मराठी शाळेत शिकलो. कुरआन शरीफ आम्हाला वाचता येते, कारण त्यात जेर-जबर लावलेले असतात. उर्दूच्या नस्तालीक लिपीत ते सहसा नसतात, ओळ तिरपी उतरत जाते, आणि शब्द आधीपासून ओळखीचा असेल तरच वाचता येतो. आम्ही एका पानाला पंधरा मिनिटे घेतो आणि तेवढ्यात खुनी पळून गेलेला असतो. त्यामुळे इब्ने सफी आमच्या घरात आले ते कानांनी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अम्मीबरोबर ननिहालला जायचो. एरवी रात्रंदिवस मागांचा खडखडाट चाललेला मोहल्ला जुम्म्याच्या दिवशी एकदम गप्प होई, कारण त्या दिवशी माग बंद. त्या रात्री इशाची नमाज झाली की मामू गच्चीवर पाणी शिंपडत, सतरंज्या टाकत आणि कंदिलाजवळ बसून वाचायला लागत. आवाज बदलून वाचत. कर्नल फरीदी बोलायला लागला की आवाज खाली, जड. कॅप्टन हमीद आला की चटपटीत. धिप्पाड, खादाड, भोळा कासिम आला की आम्ही तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसायचो, कारण खालून नानींचा आवाज येई, "फिर वही नॉवेल! बच्चों को सुलाते क्यों नहीं?"

ज्या वाचकांच्या घरात इब्ने सफी आले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. त्यांचे खरे नाव असरार अहमद. जन्म २६ जुलै १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा या गावी. वडिलांचे नाव सफीउल्लाह, म्हणून लेखक झाल्यावर इब्ने सफी, म्हणजे सफींचा मुलगा. आधी ते 'असरार नारवी' या नावाने शायरी करत, दुसऱ्या एका टोपणनावाने विनोदी लेख लिहीत आणि पोटासाठी शाळेत शिकवत. अलाहाबादेत अब्बास हुसैनी या त्यांच्या मित्राचे प्रकाशन होते. मित्रमंडळीत एकदा वाद झाला. कोणी म्हणाले, उर्दूत खपते ते फक्त चावट, अश्लील साहित्य. असरार अहमद म्हणाले, तसे नाही. लोकांना चांगले दिले तर लोक चांगले वाचतील. बोलणे तिथेच न सोडता त्यांनी लिहायला घेतले आणि मार्च १९५२ मध्ये 'जासूसी दुनिया' या मासिक मालिकेतली पहिली कादंबरी 'दिलेर मुजरिम' बाहेर आली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते आई आणि बहिणीला घेऊन कराचीला गेले. वडील फाळणीच्या वेळीच तिकडे गेले होते. पण मालिका अलाहाबादेत चालूच राहिली. लिहिणारा सरहद्दीच्या पलीकडे, छापणारा अलीकडे, आणि वाचणारे दोन्हीकडे, असे सुमारे अठ्ठावीस वर्षे चालले. १९५५ मध्ये 'खौफनाक इमारत'पासून दुसरी मालिका सुरू झाली, ती इम्रान सिरीज. दोन्ही मिळून अडीचशेच्या आसपास पुस्तके भरतात.

मराठी वाचकाला हे नवल वाटणार नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड यांच्यावर पोसलेली एक पिढी महाराष्ट्रात होतीच. आमच्या वर्गातल्या एका मित्राचे वडील अर्नाळकरांविषयी जसे बोलत, तसेच मामू इब्ने सफींविषयी बोलत. मात्र मामूंच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट असे, आणि ती समजायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

कर्नल अहमद कमाल फरीदी हा श्रीमंत, शिकलेला, शिस्तीचा माणूस आहे. घरात मोठे ग्रंथालय, कुत्रे आणि सापसुद्धा पाळलेले. सिगार ओढतो, पण दारूला शिवत नाही, बायकांच्या मागे लागत नाही. पैसा, ओहदा, धमकी, कशानेही हलत नाही. मुजरिम केवढाही मोठा असो, त्याला कायद्यापुढे उभा करतो. त्याच्या देशाचे नाव लेखक सहसा सांगतच नाही. त्यामुळे कराचीच्या वाचकाला तो आपला वाटे आणि मालेगावच्या वाचकालाही. फाळणीनंतरच्या त्या वर्षांत इथल्या मागावर बसणाऱ्या पोराला कायद्याच्या बाजूने ताठ उभा असलेला, सगळ्यात हुशार अधिकारी भेटे आणि त्याचे नाव फरीदी असे. मामू एवढेच म्हणत, "उसको पढ़के पीठ सीधी होती थी."

पुस्तके विकत घेणे सगळ्यांना परवडत नसे. मोहल्ल्यात भाड्याने पुस्तके देणारी छोटी लायब्ररी होती. एका दुकानाच्या फळीवर मांडलेली. नवीन नंबर आला की दुकानदार दोऱ्याला चिमटा लावून पुस्तक बाहेर टांगे. रोजाचे भाडे होते, म्हणून एका दिवसात चार घरांतून पुस्तक फिरवायचे. मुलींनी लायब्ररीत जाण्याचा प्रश्नच नव्हता. अम्मी आणि खाला दुपारी, मामू कारखान्यात गेले की, वाचून घेत आणि ते परतायच्या आत उशीखाली परत ठेवत. मामूंना हे माहीत होते. ते मुद्दाम पुस्तक घरी विसरून जात. नानींनी एकदा पकडले तेव्हा अम्मीने पुस्तक त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, कोणतेही पान उघडून वाचून बघा. नानींनी दहा-बारा पाने वाचली. काही आक्षेपार्ह सापडले नाही. पुस्तक परत देताना म्हणाल्या, "रोटी जल गई तो देख लेना." ही परवानगीच होती. अलाहाबादच्या त्या वादात असरार अहमद जिंकले, याचा आमच्या घरापुरता पुरावा हा.

घरोघरी जास्त जीव मात्र इम्रानवर होता. इम्रान विलायतेतून मोठ्या पदव्या घेऊन आलेला, पण वागतो मूर्खासारखा. च्युइंगगम चघळतो, नको तिथे नको ते बोलतो, चेहऱ्यावर बावळटपणाचा मुलामा. त्याचे वडील रहमान साहेब गुप्तचर खात्याचे बडे अधिकारी. कडक, रागीट. त्यांनी या नालायक पोराला घराबाहेर काढले आहे. तो एका फ्लॅटमध्ये राहतो, सुलेमान नावाच्या खानसाम्याशी रोज भांडतो. आणि खरी गोष्ट अशी की देशाच्या सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख, ज्याच्या नुसत्या आवाजाने त्याचे सगळे सहकारी थरथरतात तो 'एक्स टू', म्हणजे हाच. वडिलांना माहीत नाही. आईला, बहिणीला माहीत नाही. हाताखालच्या माणसांनाही माहीत नाही. फक्त वाचकाला आणि आणखी दोघा-तिघांना माहीत.

आता विचार करा, घरात ज्याला रोज 'निकम्मा' म्हणतात अशा पोराला हे वाचून काय वाटत असेल! आमच्या नानांना मामूंनी हाफिज व्हावे असे वाटत होते. मामूंचे हिफ्ज चार पाऱ्यांवर थांबले. मग मॅट्रिक व्हावे असे वाटत होते, ते दोनदा राहिले. शेवटी माग. नाना वाईट नव्हते, पण कौतुक करणे त्यांना जमत नसे. इम्रान वडिलांच्या समोर उभा राहून शिव्या खातो, उलट बोलत नाही, आणि बाहेर जाऊन त्याच वडिलांची अडलेली केस सोडवून देतो, हा प्रसंग मामू वाचायला लागले की त्यांचा आवाज वेगळा होई. तेव्हा आम्हाला वाटे, नक्कल छान करतात.

फरीदी मोठा की इम्रान मोठा यावर मोहल्ल्यात भांडणे होत. 'जमीन के बादल' या एका कादंबरीत लेखकाने दोघांना एकत्र आणले, पण निकाल काही दिला नाही, त्यामुळे भांडण आणखी वाढले. अम्मी फरीदीच्या बाजूची, मामू इम्रानच्या, आणि खालांना विचारले तर म्हणायच्या, मला फक्त हमीद आणि त्याचा बोकड आवडतो. आम्ही मोठे झाल्यावर लक्षात आले की या तिघांचे स्वभावही तसेच आहेत.

रहस्य उलगडणे हा या पुस्तकांतला लहानसा भाग आहे असे आम्हाला वाटते. खुनी कोण हे मामूंना पाठ होते. एकेक पुस्तक त्यांनी वीस-वीस वेळा वाचले असेल. माणूस पुन्हा पुन्हा जातो ते त्या माणसांना भेटायला. दर महिन्याला तीच मंडळी, तीच थट्टा, सुलेमानची तीच मूगडाळीची कटकट. बाहेर सुताचा भाव वाढो की कमी होवो, कर्नल साहेब आपल्या ग्रंथालयात बसलेले असणार. शिवाय प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी 'पेशरस' नावाचे लेखकाचे मनोगत असे. त्यात इब्ने सफी वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत, त्यांची फिरकी घेत, कधी कान पिळत. दर महिन्याला घरी येणाऱ्या आणि दोन घटका गप्पा मारून जाणाऱ्या नातेवाइकासारखे ते वाटे.

आणि एक दिवस हा नातेवाईक यायचा थांबला.

१९६० च्या मध्यानंतर नवीन पुस्तक आले नाही. महिना गेला, वर्ष गेले. शेरलॉक होम्सच्या चाहत्यांची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. १८९३ मध्ये कॉनन डॉयलने कंटाळून आपल्या नायकाला धबधब्यात ढकलले आणि वाचकांच्या तगाद्यापुढे नमून दहा वर्षांनी त्याला जिवंत केले. इथे उलटे होते. नायक शाबूत होते, लेखकच हरवला होता. इब्ने सफींना गंभीर मानसिक आजार झाला होता. स्किझोफ्रेनिया असे त्याचे निदान सांगितले जाते. सुमारे तीन वर्षे ते काही लिहू शकले नाहीत. या तीन वर्षांत त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन भलत्याच लोकांनी फरीदी आणि इम्रान लिहून बाजारात आणले. मामू तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. भाड्याचे पैसे देऊन पुस्तक आणायचे, दोन पाने वाचून फेकून द्यायचे. "नाम वही, कपड़े वही, आदमी दूसरा," असे ते सांगत.

कराचीचे हकीम इक्बाल हुसैन यांच्या इलाजाने आणि घरच्यांनी केलेल्या सेवेने इब्ने सफी सावरले. नोव्हेंबर १९६३ मध्ये इम्रान सिरीजची 'डेढ मतवाले' ही कादंबरी आली. भारतातल्या आवृत्तीचे प्रकाशन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. ते अलाहाबादचेच खासदार. काही महिन्यांपूर्वीपर्यंत देशाचे गृहमंत्री होते आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधान झाले. पुस्तक इतके उडाले की आठवडाभरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. मालेगावात त्या दिवशी लायब्ररीसमोर रांग लागली होती आणि दुकानदाराने भाडे दुप्पट केले तरी कोणी कुरकुर केली नाही, असे मामू सांगत. मामूंना पुस्तक तिसऱ्या दिवशी मिळाले. ते त्यांनी परत केले नाही, हे आम्हाला आत्ता कळले. त्याविषयी पुढे सांगतो.

आता जे लिहितो आहोत ते मामीजानना विचारून लिहितो आहोत. १९८० नंतरच्या काळात मामूंनी कर्ज काढून स्वतःचे चार माग टाकले आणि धंदा बसला. त्यानंतर मामूंची झोप गेली. रात्रभर गच्चीवर फेऱ्या. मग म्हणू लागले, कामगार आपल्याविरुद्ध कट करताहेत, चहात काहीतरी घालताहेत. जेवण बंद. घरात रडारड. नानींनी दर्ग्यावर नेले, आमिलने ताविज दिला, कोणी पाणी दम करून दिले. लोकांना सांगितले, शुगर वाढली आहे. आम्हा मुलांनाही तेच सांगितले. त्या वर्षी आम्ही सुट्टीत मालेगावला गेलो नाही, आणि का गेलो नाही याचे कारण आम्हाला फार उशिरा समजले.

नाशिकच्या एका डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मामू घेईनात. "मैं पागल नहीं हूँ." डॉक्टरांचे ऐकले नाही, नानांचे नाही, मौलवी साहेबांनी समजावले की इलाज करणे सुन्नत आहे, तेही ऐकले नाही. शेवटी लायब्ररीवाले त्यांना भेटायला आले. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते सहज म्हणाले, "अपने असरार साहब को भी तीन साल यही था. इलाज कराया, फिर डेढ मतवाले लिखा. तू तो ख़ाली माग चलाता है, तुझे क्या शर्म?"

मामूंना ही हकीकत आधीपासून माहीत होतीच. चाहत्यांना काय माहीत नसते! पण तोवर ती गोष्ट इब्ने सफींची होती. त्या संध्याकाळी ती त्यांची स्वतःची झाली असावी. रात्री त्यांनी गोळी मागितली.

अम्मी महिनाभर त्यांच्याजवळ जाऊन राहिली. रोज दुपारी 'डेढ मतवाले' वाचून दाखवायची. पहिले काही दिवस मामू भिंतीकडे तोंड करून ऐकत. एके दिवशी अम्मीने इम्रानच्या एका वाक्यात चूक केली आणि भिंतीकडूनच आवाज आला, "ग़लत पढ़ा." मामीजान स्वयंपाकघरात होत्या. हा किस्सा सांगताना त्या अजूनही तिथेच थांबतात.

पुस्तकाने मामू बरे झाले असे आम्ही म्हणणार नाही. गोळ्यांनी झाले, आणि पुरते बरे व्हायला वर्ष लागले. मधेमधे त्रास पुढेही होत राहिला. आमच्या मुस्लिम घरांतच नव्हे, सगळ्याच घरांत या आजाराला 'नजर', 'सावली', 'शुगर' अशी नावे देऊन झाकून ठेवतात आणि त्यात रोग्याची वर्षे जातात. मामूंची कमी गेली, कारण त्यांच्या आवडत्या लेखकाचा आजार झाकलेला राहिला नव्हता.

या आवडीची दुसरी बाजूही आहे आणि ती न सांगणे बरोबर होणार नाही. वाचता वाचता मागाचा धागा तुटून कापड खराब झाल्याचे मामूंनी स्वतः कबूल केले आहे. दोनदा मॅट्रिक राहिली त्यात इम्रानचा वाटा किती, हे अल्लाहच जाणे. मोहल्ल्यात काही मुले अशी होती की फजरला उठत नसत, पण नवीन नंबरसाठी पहाटे दुकानासमोर उभी. नाना म्हणत, हे सगळे फुजूल, वेळ नासणारे. त्यांच्या बोलण्यात दम होता. त्यावर मामूंनी एकदा दलील केली की कुरआनातसुद्धा किस्से आहेत, सूरह यूसुफमध्ये तर सर्वात सुंदर किस्सा आहे. तेव्हा अम्मी, जी स्वतः फरीदीची भक्त, तीच भावावर बरसली, "वो हिदायत है, ये दिल बहलाना है. दोनों को एक तराज़ू में मत रख." आम्हाला अम्मीचे म्हणणे पटते. मन रमवण्याला मन रमवणेच म्हणावे; त्याला मोठे कपडे घालायची गरज नाही.

आज वाचताना काही गोष्टी खटकतातही. इम्रानचा आफ्रिकी साथीदार जोझेफ हा दारूच्या बाटल्यांवर जगणारा, भुताखेतांना घाबरणारा असा रंगवला आहे. एका काळ्या माणसाला असे हास्यास्पद करणे आम्हाला आवडत नाही. कासिमच्या लठ्ठपणावरची थट्टा लहानपणी गंमत वाटायची, आता कधीकधी नकोशी होते. जावेद अख्तर यांनी आपल्या पटकथालेखनावर, विशेषतः ठसठशीत पात्रे उभी करण्यावर इब्ने सफींचा प्रभाव असल्याचे सांगितले आहे. हा मोठेपणा खराच आहे, पण म्हणून प्रत्येक पान डोक्यावर घ्यायचे कारण नाही.

आमच्यासारख्या उर्दू न वाचणाऱ्यांसाठी अलाहाबादहूनच हिंदी 'जासूसी दुनिया' निघत असे. पण त्यात गंमत होती. हिंदीत फरीदीचा झाला होता विनोद आणि इम्रानचा राजेश. हमीद तेवढा हमीदच राहिला. आमच्या शाळेतला एक मित्र विनोद-हमीदची पुस्तके वाचायचा. आम्ही गच्चीवर ऐकलेली गोष्ट त्याला सांगायला लागलो की तो म्हणायचा, "ही तर माझ्याकडे आहे, पण तू नावं चुकीची सांगतोस." आम्ही त्याच्याशी भांडलो होतो. धंद्याचे गणित म्हणून नावे बदलली असतील, आम्ही समजू शकतो. त्यामुळे तीच पुस्तके त्याच्या घरातही गेली, हेही खरे. तरी मामूंना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "इम्रान को घर से तो बाप ने निकाला था, नाम से किसने निकाला?" अलीकडे, २०१० च्या सुमारास, हिंदीत देवनागरीमध्ये पुस्तके पुन्हा निघाली आणि फरीदी, इम्रान आपापल्या नावांनी परतले. इंग्रजीतही काही आली. चार पुस्तकांचा अनुवाद तर शम्सुर्रहमान फारुकी यांच्यासारख्या मोठ्या समीक्षकाने केला. मराठीत मात्र आमच्या पाहण्यात एकही आलेले नाही.

इब्ने सफी वारले तो दिवस २६ जुलै १९८०, त्यांचा बावन्नावा वाढदिवस. स्वादुपिंडाचा कर्करोग होता. 'आखरी आदमी' ही कादंबरी त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली. रमजानचा महिना चालू होता. बातमी मालेगावला पोचली त्या दिवशी मामूंनी खजूर आणि पाण्यावर रोजा सोडला आणि उठून गेले. नानींनी विचारले, "कौन मरा? अपने में से कोई?" अम्मी म्हणाली, हो. तरावीहनंतर लायब्ररीवाल्यांच्या दुकानात पाच-सहा जणांनी बसून फातिहा पढली. कराचीच्या माणसासाठी, ज्याला त्यांच्यापैकी कोणी कधी पाहिले नव्हते.

मामूंच्या मुलांना हे वेड कळत नाही असे आम्हाला वाटायचे. पण २०२० च्या रमजानमध्ये लॉकडाऊन होते तेव्हा पुण्याच्या त्याच घरात सगळे रात्री तुर्कस्तानची 'एर्तुगरुल' मालिका उर्दूत बघत बसायचे. धाकटा तर लाकडी तलवार घेऊन सोफ्यावर उभा राही. आज रद्दीचा प्रश्न विचारणारा मामूंचा मुलगा तेव्हा एकेक भाग संपल्यावर बायकोला म्हणे, अजून एक, फक्त एक. बाहेर रुग्णवाहिकांचे आवाज आणि आत घोड्यांच्या टापा. त्याला आम्ही ही आठवण करून दिली तेव्हा तो हसला आणि पुस्तकांवरची धूळ फडक्याने पुसू लागला.

पुसता पुसता त्याच्या हाती ते पुस्तक लागले. 'डेढ मतवाले', १९६३. पहिल्या पानावर लायब्ररीचा जांभळा शिक्का, खाली परत करायची तारीख. मामीजाननी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, ही अमानत आहे, मय्यतीवर कर्ज राहता कामा नये.

लायब्ररी बंद होऊन तीस वर्षे झाली. त्या जागी लायब्ररीवाल्यांचा नातू आता मोबाइलची कव्हरे विकतो. आम्ही मामीजानना रिक्षाने घेऊन गेलो. त्याने शिक्का पाहिला, दादांचे नाव वाचले आणि पुस्तक दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मग हसून म्हणाला, साठ वर्षांचे भाडे काढले तर माझे दुकान विकत घेता येईल. भाडे त्याने माफ केले. पुस्तक ठेवून घ्या म्हटले तर ठेवून घेईना. म्हणाला, माझ्याकडे पडून राहील, तुमच्याकडे वाचले तरी जाईल. मामीजानने ऐकले नाही. वीस रुपये काढून काउंटरवरच्या मदरशाच्या डब्यात टाकले आणि तेव्हा कुठे पुस्तक परत घेतले.

रात्री बारा वर्षांची नात फोन घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, दादी, तुम्ही वाचा, मी रेकॉर्ड करते, पुण्याला गेल्यावर ऐकेन. मामीजान म्हणाल्या, मला त्यांच्यासारखे आवाज काढता येत नाहीत. नात म्हणाली, साध्याच आवाजात वाचा. त्यांनी बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात केली. पहिल्याच पानावर इम्रानने काहीतरी बावळटपणा केला, मामीजानना हसू फुटले, आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून पुन्हा सुरू करावे लागले.